पुण्याचा शिक्का

पुण्याला जायचं आमचं ठरलं ते बंगलोरच्या ब्यूगल रॉकवर बसून, भाजलेल्या शेंगा खाताना. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या बेंचवरच्या मैत्रिणीचं. सात वर्षं आम्ही एका बेंचवर बसत होतो, आधी कॉन्व्हेंट शाळेत आणि मग अकरावी-बारावीला पीयू कॉलेजात. ती कन्नड घरातली. गांधी बाजारात तिच्या वडिलांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं, आणि ती वर्गात आली की कापराचा वास यायचा. आम्ही बोलायचो इंग्रजीत, भांडायचो कन्नडमध्ये. मराठी तिला माझ्या आईकडून मिळालं होतं तेवढंच यायचं: बस, खा, आणखी घे.

तिला दगड शिकायचे होते. शाळेत असताना भूगोलाच्या बाईंनी आम्हाला त्याच खडकावर आणून सांगितलं होतं की तुम्ही आज ज्याच्यावर उभ्या आहात ते पृथ्वीवरच्या सगळ्यांत जुन्या दगडांपैकी आहे. बाकीच्या मुलींनी वहीत लिहून घेतलं. हिने खडकावर पाय आपटून विचारलं, "मिस, ह्याच्यावर डिग्री मिळते?" बाई हसल्या, पण मिळते म्हणाल्या. तेव्हापासून तिचं ते पक्कं होतं.

माझं एवढं स्पष्ट नव्हतं. मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं, ते कुठेही झालं असतं. पण मला असं वाटायचं की पुण्याला गेल्यावर मी बोलायला लागेन. दाराच्या आत एक भाषा आणि बाहेर पाऊल टाकलं की दुसरी, असं करता करता मी दोन्हीकडे गप्प झाले होते. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तरी मी वाक्य आधी मनात जुळवायची. पुण्यात सगळीकडे घरातलीच भाषा, तर तिथे आपण भसाभसा बोलू, असा माझा हिशेब.

तिच्या वडिलांनी आठवडाभर नाही म्हटलं. मग माझ्या बाबांनी दुकानात जाऊन त्यांना सांगितलं की माझा मेहुणा पुण्यात आहे, तो दोघींचा पालक म्हणून सही करील, रविवारी जेवायला घरी नेईल. ते सुपाऱ्या निवडत होते. वर न बघता म्हणाले, "इब्बरू होदरे सरी." दोघी गेल्या तर ठीक. एकटीला पाठवणार नाही, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही, पण आम्हाला ते बरोबर ऐकू आलं. हॉस्टेलच्या फॉर्मवर लिहायला म्हणून मामाचा पत्ता तिने स्वतःच्या डायरीत उतरवून घेतला. पेठेचं नाव नीट लिहिता येईना, तर ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

हे डिसेंबरात. जानेवारीत मला जिना चढताना डाव्या कुशीत दुखायला लागलं.

बाबा म्हणाले, "परीक्षा जवळ आली की सगळ्यांच्याच कुशीत दुखतं. माझंही दुखायचं." बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. सकाळी कारखान्याची बस पकडायची आणि संध्याकाळी त्याच बसने परत यायचं, मध्ये काही बिघडलं तर ते दुरुस्त करायचं, असा त्यांचा जगण्याचा सरळ हिशेब होता. संध्याकाळी अंगात कसर यायची, तेही त्यांना अभ्यासाचंच वाटलं. मलाही वाटलं. मी ताप आहे असं सांगितलं असतं तर ते कारण काढल्यासारखं दिसलं असतं, म्हणून मी सांगितलंच नाही.

ते आईने ओळखलं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आमच्या ओळखीतल्या मराठी बायका, बहुतेक कारखान्यातल्याच घरांतल्या, वर्षातून दोनदा आमच्या दोन खोल्यांत मावायच्या. त्यातल्या एक काकू माझ्या हातावर अत्तर लावता लावता मोठ्याने म्हणाल्या, "अगं, मनगट आहे की पेन्सिल? पुण्याच्या मुलींसारखी फिगर करायला लागलीस की काय आत्तापासून?"

सगळ्या हसल्या. आईही हसली. बायका गेल्यावर तिने माझ्या तोंडात थर्मामीटर घातला.

त्याच दिवशी माझी मैत्रीण एळ्ळु-बेल्ला घेऊन आली होती. त्यांच्याकडे संक्रांतीला तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाणे असे सुटेच मिसळून वाटतात. तिने आमचा तिळाचा लाडू हातात घेऊन दरवर्षीप्रमाणे तेच म्हटलं, "सामान तेच. तुम्ही लोक उगीच चिकटवत बसता." मी हसले तर कुशीत कळ आली. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तेव्हा ते खरंच होतं, म्हणजे मला तोवर काही माहीत नव्हतं.

छातीत पाणी झालं होतं. एक्स-रेमध्ये डावी बाजू खालून पांढरी दिसत होती, पेल्यात दूध ओतावं तशी. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून ते पाणी काढलं, तेव्हा बाबा माझ्यासमोर उभे राहून माझ्या डोक्यावरून मागच्या बाटलीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला बाटली किती भरली ते कळत होतं. आजाराचं नाव डॉक्टरांनी इंग्रजी दोन अक्षरांत सांगितलं. मराठीतलं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही, आजतागायत नाही. औषधं आठ-नऊ महिने घ्यायची, पहिले तीन महिने विश्रांती. हा प्रकार दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. बाबांनी परीक्षेचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ऑक्टोबरला पुरवणी परीक्षा असते ना? मग तेव्हा."

खरं तर कारखान्याचा स्वतःचा दवाखाना होता. पण तिथल्या कंपाउंडरची बायको आमच्याकडे हळदीकुंकवाला यायची, म्हणून आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो.

घरी आल्यावर आईने मला मावशीचं सांगितलं. माझी मावशी साताऱ्याला शाळेत शिक्षिका, आम्हा सगळ्या भाचरांची लाडकी, तिने लग्न केलं नाही कारण तिला स्वातंत्र्य आवडतं, असं मी कायम ऐकत आले होते. तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. विशीत तिला हेच झालं होतं, ती पूर्ण बरी झाली होती, आणि तरी तिकडून दोन ओळींचं पत्र आलं होतं. सांगताना आई माझ्या गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात लावत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही.

"औषधं संपेपर्यंत कुणाला कळता कामा नये," ती म्हणाली. "माझ्या गळ्याची शपथ घे."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"तिला पण नाही?"

ती म्हणजे कोण हे आईला विचारावं लागलं नाही. "तिला सांगितलंस की दुकानात कळणार. दुकानात कळलं की कापराच्या पुडीबरोबर घराघरांत जाणार. घे शपथ."

मी तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. आता लिहिताना हे जुन्या काळातलं वाटतं, पण शेक्सपिअर पाठ करणाऱ्या मला त्या दिवशी खरंच असं वाटलं होतं की मी बोलले तर आईला काहीतरी होईल. आणि एक आणखी. शपथ घेताना मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. कुणाला काही सांगायला नको, हे माझ्या स्वभावाला सोयीचंच होतं.

अभ्यासाच्या सुट्ट्या लागल्या होत्या, त्यामुळे मी कॉलेजात दिसत नाही ह्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिला मात्र वाटलं, कारण आम्ही एकत्र अभ्यास करायचं ठरलेलं होतं. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून ती घरी आली. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालक, पण ते त्या वर्षी मुलाकडे म्हैसूरला होते. जिना संपला की छोटीशी जागा, तिथे चपला काढायच्या आणि मग आमचं दार. मी आतल्या खोलीत कॉटवर होते, मध्ये पडदा.

"आंटी, इद्दाळा?" आहे का ती?

"इल्लम्मा," आई म्हणाली. "ऊरिगे होगिद्दाळे."

नाही गं, गावाला गेलीय. आईचं कन्नड भाजीवाल्यापुरतं होतं, पण हे वाक्य तिने अगदी सफाईने म्हटलं. मला वाटतं, तेच मराठीत म्हणायला तिला जड गेलं असतं. परक्या भाषेत खोटं बोललं की ते आपण बोललो नाही असं वाटत असावं.

"याव ऊरु, आंटी?"

कुठलं गाव हे ठरलेलं नव्हतं. "पूना," आई म्हणाली. "मामाकडे. अभ्यासाला."

"सरी, आंटी."

ती पायऱ्या उतरताना मी मोजल्या. अठरा होत्या. सगळ्या नीट ऐकू आल्या.

ती पुन्हा आली, मग आणखी एकदा. प्रश्न तोच, उत्तर तेच. दुसऱ्यांदा तिने भौतिकशास्त्राच्या नोट्स आणल्या होत्या, त्या आईने घेऊन ठेवल्या. पुण्याला असलेल्या मुलीच्या नोट्स आपण कशा घेतल्या, हे आईच्या नंतर लक्षात आलं. मी त्या वाचल्या. समासात तिने ठिकठिकाणी माझ्यासाठी लिहिलं होतं: हे येणार, हे सोड, हे मला समजलं नाही, तू सांग.

आमचे परीक्षेचे नंबर लागोपाठचे होते. पहिल्या पेपरच्या दिवशी दुपारी ती केंद्रावरून सरळ आमच्याकडे आली. तिचा आवाज चढला होता. "आंटी, तिची जागा रिकामी होती! मी सरांना सांगितलं ती येतेय, थांबा. काय झालं?"

"ती तिकडेच परीक्षा देणार," आई म्हणाली.

"पुण्यात? आंटी, पुण्यात आपलं बोर्ड नाही."

"ते तिचे बाबा बघतायत."

ती थोडा वेळ नुसती उभी राहिली असावी, कारण पायऱ्यांचा आवाज लगेच आला नाही. मी पडद्याच्या आत उठून बसले होते. मला उठता येत होतं, चालताही येत होतं. पडदा ते दार पाच पावलं असतील. माझे केस मूठ मूठ गळत होते, गोळ्यांनी तोंड काळवंडलं होतं, आरशात बघितलं की मलाच मी नकोशी व्हायची. शपथेचं कारण मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला दिलं. त्या क्षणी मनात शपथ नव्हती, हे तोंड होतं.

माझी पुस्तकं कॉटखाली गेली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट बाबांनी स्वतः प्रिन्सिपॉलना नेऊन दिलं आणि कुणाला सांगू नका अशी विनंती केली. प्रिन्सिपॉल काय बोलले ते बाबांनी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला नुसतं विचारलं, "ऑक्टोबरात नक्की बसशील ना?" जणू मी ठरवून गैरहजर राहिले होते.

एप्रिलच्या शेवटी एकदा आई बाजारातून आली ती दारातूनच ओरडत. "बाहेर गेली होतीस?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. चपला कशा सरळ झाल्या?"

माझ्या कोल्हापुरी चपला फेब्रुवारीपासून दाराबाहेर एका कोपऱ्यात पडून होत्या. डॉक्टरांकडे जाताना आई मला थंडी नको म्हणून शाळेचे कॅनव्हासचे बूट घालायला लावायची, तेव्हा चपलांकडे कुणी बघितलंच नव्हतं. मामाने पुण्याहून आणलेला तो जोड. आमच्या कॉलेजात तशा कुणाच्याच नव्हत्या, शिवाय डाव्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा गांधी बाजारातल्या शिवणाऱ्याकडे तपकिरी दोरा नव्हता, म्हणून त्याने तो हिरव्या दोऱ्याने शिवला होता. "मी झोपले होते. झाडणारीने ठेवल्या असतील," मी म्हटलं. आईला ते पटलं. मलाही पटलं. चपला होत्या तिथेच राहिल्या.

मेमध्ये निकाल लागला. ती पहिल्या वर्गात पास झाली, हे बाबांनी पेपरात तिचा नंबर बघून मला सांगितलं. शेजारचा माझा नंबर नव्हता. तोही त्यांनी बघितला असणारच.

त्यानंतर आठवड्याभराने पोस्टमनने पुण्याचं पाकीट आणलं. मामाचं. आत एक न उघडलेलं इनलँड पत्र, माझ्या नावाचं, मामाच्या पत्त्यावर, अक्षर तिचं. पेठेचं नाव बरोबर लिहिलेलं. सोबत मामाची चिठ्ठी: "हे इथे आलं. ती इथे आहे असं तिच्या मैत्रिणीला का वाटतं? ताई, काय चाललंय तुमचं? फोन कर." मामालाही काही सांगितलेलं नव्हतं. आईने संध्याकाळी एसटीडी बूथवर जाऊन त्याला सांगितलं, आणि बूथमधून रडून आली.

पत्र इंग्रजीत होतं, लहानसं. ती कशी आहेस वगैरे काही विचारत नव्हती. तिने लिहिलं होतं की अप्पा विचारतायत पुण्याचं काय. इथेही एका कॉलेजात भूगर्भशास्त्र आहे. अप्पा तिथे फॉर्म भरायला तयार झालेत, पण एकच म्हणतायत, एक तर हे नाही तर ते, दोन दोन ठिकाणी सह्या करत मी फिरणार नाही. इथली शेवटची तारीख दोन आठवड्यांवर आहे. तू येणार असशील तर मी इथे भरत नाही. तू काय ते लिही. लवकर लिही.

काय लिहायचं ते मला त्याच दिवशी माहीत होतं. इथे फॉर्म भर, माझं होणार नाही, एवढंच. बारावीच झालेली नसताना मला कुठलं कॉलेज घेणार होतं? पण पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचं होतं आणि मी मनात एक वेडेपणा धरून बसले होते. ते म्हणतील बरी आहेस. मी मामाकडे राहीन, ती हॉस्टेलवर राहील, मी ऑक्टोबरला इथे येऊन परीक्षा देईन, पुढच्या वर्षी तिच्या खोलीत जाईन. दोघी गेल्या तर ठीक. तर दोघी जाऊ. हे मी इतक्यांदा मनात म्हटलं की ते ठरल्यासारखंच वाटायला लागलं. शुक्रवारपर्यंत मी पत्र लिहिलं नाही.

शुक्रवारी मी डॉक्टरांना विचारलं. त्या सगळ्या महिन्यांत मी स्वतःहून विचारलेला तो एकच प्रश्न. डॉक्टर माझ्या पाठीवर बोटांनी ठकठक वाजवत होते. हसून म्हणाले, "पूना? आधी आमच्या दवाखान्याचा जिना न थांबता चढून दाखव."

घरी येऊन मी पत्र लिहिलं. चार ओळी. मग ते पाठवायचं कसं हा प्रश्न आला. तिचं घर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. बाबा कारखान्याच्या बससाठी रोज त्यांच्या दुकानावरून जायचे. पण मी तर पुण्याला होते. बंगलोरच्या पोस्टाचा शिक्का असलेलं पत्र तिला कसं चालणार? आई म्हणाली, "मामाला पाठवू, तो तिथून टाकेल." ते तिला सुचलं ह्याचा तिला आनंदच झाला होता. कुणाचा शब्द मोडायला नको, आणि मुलीला निरोपही मिळेल.

माझं पत्र पाकिटात घालून पुण्याला गेलं. मामा दोन दिवस गावाला होता. मग ते पुण्याहून बंगलोरला आलं. मी कॉटवर पडून ते कुठवर आलं असेल ते बघत बसायची: आज मिरज, आज हुबळी. शेवटची तारीख उलटली तेव्हा ते वाटेतच होतं. मला तारीख माहीत होती, आणि त्या सकाळी मला चांगलं चालता येत होतं. मी खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. आई पोळ्या करत होती. मी म्हणू शकले असते, आई, मी दहा मिनिटांत येते.

जुलैत डॉक्टरांनी संध्याकाळी थोडं फिरायला सांगितलं. बाबा मला हाताला धरून गांधी बाजारापर्यंत घेऊन गेले. दुकान चुकवायचं म्हणून आम्ही पलीकडच्या फुटपाथवरून चाललो होतो, पण तिच्या वडिलांनी बाबांना हाक मारली. मी दोन पावलं मागे फुलवालीपाशी थांबले. ते माझ्याकडे बघून हसले, आणि बारीक झालीस, पुण्याचं जेवण मानवलं नाही वाटतं, असं म्हणाले. मग बाबांना सांगायला लागले. मुलगी बी.कॉम.ला आहे, इथेच, बायकांच्या कॉलेजात. दुसरीकडे सगळं भरलं होतं. मी रोज म्हणत होतो, त्या भूगर्भशास्त्राच्या कॉलेजचा फॉर्म आण, सही करतो. ती म्हणायची, पत्र येऊ दे, अप्पा. "स्वल्प लेट आयतु," ते म्हणाले. जरा उशीर झाला. ते खरंच तेवढंच म्हणाले, आणि बाबांच्या हातात देवासाठी म्हणून कापराची एक पुडी ठेवली.

परत येताना बाबांनी माझा हात सोडला नाही. घराच्या वळणावर म्हणाले, "आपण तिला सांगायला हवं होतं." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "मी सांगायला हवं होतं." त्यांनी तेवढं तरी म्हटलं. मला तर तेही म्हणता आलं नाही.

ऑक्टोबरात मी परीक्षा दिली. पुरवणीला बहुतेक नापास झालेल्याच मुली असतात, आणि त्या फार मजेत असतात. पुढची मुलगी मला म्हणाली, "तुझा कितवा चान्स?" मी म्हटलं, "पहिला." ती हसत सुटली. तिला तो विनोद वाटला. त्याच महिन्यात गोळ्या संपल्या. शेवटच्या एक्स-रेत डावी बाजू उजवीसारखीच काळी दिसत होती. आईने देवापुढे साखर ठेवली, रिकाम्या पट्ट्या जुन्या पेपरात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकल्या, आणि मला म्हणाली, "संपलं." शपथ औषधं संपेपर्यंतची होती. म्हणजे तीही संपली.

त्यानंतरच्या आठवड्यात ती मला डीव्हीजी रोडच्या बसस्टॉपवर भेटली. दुपारची वेळ, स्टॉपवर आम्ही दोघीच. तिच्या हातात हिशेबशास्त्राचं जाडजूड पुस्तक होतं. केस तिने कापले होते. मी वळून जावं की काय असा विचार करेपर्यंत तिने मला बघितलं.

"परत आलीस?" ती म्हणाली.

"हो."

"कधी?"

मी जुलै सांगितला, तिच्या अप्पांनी मला बाजारात बघितलं होतं तो महिना. ती मान हलवत राहिली. मग माझ्या पायांकडे बघितलं. मी त्याच कोल्हापुरी चपला घातल्या होत्या, आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

"ह्या पुण्याला नेल्या नव्हत्यास," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"दारात होत्या. मी आले तेव्हा प्रत्येक वेळी होत्या. अंगठ्याला हिरवा दोरा." ती हे भांडल्यासारखं म्हणत नव्हती. आमची भांडणं कन्नडमध्ये व्हायची, आणि हे ती इंग्रजीत, अगदी सावकाश बोलत होती. "एकदा आले तर दारच कुणी उघडलं नाही. धूळ बसली होती, म्हणून मी त्या झटकून सरळ ठेवल्या. म्हटलं, बाहेर आलीस की तुला कळेल."

"मग पत्र…" मी म्हटलं. "पत्र पुण्याला का लिहिलंस?"

"आंटी म्हणाल्या पुण्याला आहे. मग मी पुण्याला लिहिलं. तुम्हाला जिथे हवं होतं तिथे. उत्तरही पुण्याहूनच आलं. मी शिक्का बघितला. म्हटलं, एवढं करते आहे म्हणजे तिला मी बरोबर नकोच आहे."

लांब वळणावर बस दिसली. तिची होती, माझी नव्हती.

"काय झालं होतं तुला?" तिने विचारलं.

हा प्रश्न तिने मला संक्रांतीनंतर पहिल्यांदाच विचारला होता, कारण मधल्या काळात तिला विचारायला मी समोर आलेच नव्हते. शपथ संपली होती. आई तिथे नव्हती. स्टॉपवर ऐकणारं कुणी नव्हतं. मी बरी झाले होते. सांगायला दोन अक्षरं पुरली असती आणि तिने तिथल्या तिथे मला मिठी मारली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी तोंड उघडलं, आणि कुणी विचारलंच तर म्हणून घरात ठरवून ठेवलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं.

"टायफॉइड झाला होता," मी म्हटलं. "आणि मग अभ्यासाचं जरा…"

ती माझ्याकडे बघत राहिली. टायफॉइड लपवायला कुणी आपली मुलगी पुण्याला आहे असं महिनोन्महिने सांगत नाही, एवढं तिला कळत असणारच. मला वाटलं ती आता कन्नडमध्ये काहीतरी बोलेल, मला शिव्या देईल. मी त्याची वाटही बघितली.

"सरी," ती म्हणाली. आईला दारात म्हणायची तशी.

बस थांबली. चढताना तिने हिशेबशास्त्राचं पुस्तक छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने दांडा पकडला. बायकांच्या बाजूला खिडकीपाशी जागा होती, तिथे ती बसली. खिडकी माझ्याच बाजूला होती. बस सुटेपर्यंत ती समोर बघत होती.

पुढच्या जूनमध्ये मी बंगलोरातच बी.ए.ला गेले. पुण्याचा विषय घरात निघाला नाही, मीही काढला नाही. मामाच्या पत्त्यावरून परत आलेलं तिचं ते इनलँड पत्र माझ्याजवळ आहे. त्याच्यावर दोन शिक्के आहेत, एक पुण्याचा आणि एक आमच्याच भागातल्या पोस्टाचा, बसवनगुडीचा. बसवनगुडीचा शिक्का जास्त ठसठशीत उठला आहे.